वाळवंटांतील मोटारींचा तांडा

चरितार्थासाठीं अरबी आखाताच्या कांठीं जाऊन राहिलेला एखादा तरी आप्त वा स्नेही ज्यास नाहीं, असें सुशिक्षित मराठी घर आज मुंबई-पुण्यांत शोधूनच काढावें लागेल. दुबई, अबू धाबी, शारजा हीं नांवें आपल्या बोलण्यांत नाशिक-नागपुराइतक्या सहजतेनें येऊं लागलीं आहेत. तिकडच्या मंडळींकडून येणाऱ्या बातम्यांत नोकरी, घरभाडें, मुलांच्या शाळा हे विषय नेहमींचेच. परंतु हिंवाळ्याच्या दिवसांत त्यांत आणखी एका विषयाची भर पडलेली आढळते. "या शनिवारीं आम्ही मोटार घेऊन वाळवंटांत गेलों होतों," असें मुलगा कळवितो आणि सोबत एक छायाचित्र पाठवितो. तांबूस वाळूची उंच टेकडी, तिच्या धारेवर कललेली मोटार, आणि शेजारीं चार-पांच देशांचे आठ-दहा हंसरे चेहरे. तें पाहून इकडे आईच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, इतके उत्तम रस्ते असतां रस्ता सोडून जावयाचें कशाला? आणि दुसरा, अधिक काळजीचा: तेथें गाडी रुतली तर काढणार कोण?

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर नीट मिळालें म्हणजे पहिल्याचेंहि बरेंचसें मिळतें, असें मला वाटतें. वाळवंटांत मोटार घालणें हें साहस कीं अविचार, हें मोटारीच्या किंमतीवरून किंवा हांकणाऱ्याच्या धीटपणावरून ठरत नाहीं. तो एकटा गेला कीं जाणत्यांच्या तांड्यांत सामील होऊन गेला, यावर तें अवलंबून असतें. परमुलखांत राहणाऱ्या माणसानें अशा तांड्यांत शिरावें कसें, तेथें त्याच्याकडून काय अपेक्षिलें जातें, आणि त्या शिस्तीमागें कोणतीं कारणें आहेत, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम त्या भूमीची ओळख करून घेऊं. संयुक्त अरब अमिरात हें राज्य १९७१ सालीं स्थापन झालें आणि पुढल्याच वर्षीं सातवी अमिरात त्यास येऊन मिळाली. या राज्याच्या पूर्वेकडे हजर पर्वताची उघडी रांग आहे, उत्तरेस व पश्चिमेस समुद्र आहे, आणि दक्षिणेकडे लिवाच्या खजुरीच्या बागा ओलांडल्या कीं रुब अल् खाली नांवाचें महान् वाळवंट सुरू होतें. या नांवाचा अर्थ 'रिता चतुर्थांश'. सौदी अरेबिया, ओमान, येमेन व अमिरात अशा चार देशांत पसरलेल्या या वाळवंटाचें क्षेत्र सुमारें ६,५०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्र राज्याच्या दुपटीहून अधिक आहे. समुद्रानजीकची वाळू शिंपल्यांच्या चुऱ्यामुळें फिकट असते. आंत जावें तसतसा लोखंडाच्या गंजाचा रंग तिच्यावर चढत जातो. दुबईहून हत्ताकडे जाणाऱ्या रस्त्यावर लहबाबच्या आसपास ही तांबडी वाळू अगदीं रस्त्याच्या कडेपर्यंत येऊन भिडते.

या भूमीचें एक वैशिष्ट्य असें कीं, ती नवख्यास हमखास चकविते. समुद्रकांठीं 'सबखा' नांवाचीं खारट मैदानें आहेत. वरून पाहतां ती जमीन सपाट, वाळलेली व टणक दिसते. परंतु मिठाची ती साय फुटली कीं खालीं ओला चिखल असतो, आणि मोटार आंसापर्यंत त्यांत बसते. नवख्यास टेकडीचें भय वाटतें व मैदान निर्धोक वाटतें. जाणता मैदानासहि तितकाच भितो. टेकड्यांचेंहि तसेंच आहे. वारा ज्या बाजूनें वाहतो त्या बाजूचा उतार लांबट, सौम्य व दाबून बसलेल्या वाळूचा असतो. माथ्यावरून उडालेली वाळू पलीकडच्या अंगास नुसती ओसंडून पडते, म्हणून ती बाजू भुसभुशीत व उभी असते. तिचा कोन सुमारें ३२ ते ३४ अंशांचा. कोरडी वाळू त्याहून उभी राहूंच शकत नाहीं. त्या प्रदेशांत वायव्येकडून येणाऱ्या 'शमाल' वाऱ्याचें प्राबल्य असल्यानें सौम्य चढ पुष्कळदां त्या बाजूस सांपडतो. मोटार सुखानें चढत जाते, समोर केवळ निळें आकाश दिसत असतें, आणि माथा आला कीं पुढें एकाएकीं कडा असतो. शिवाय वारा ही रचना सदैव बदलीत राहतो. मागल्या महिन्यांत जेथून वाट होती तेथें आज खळगा असूं शकतो. उपग्रहाच्या साह्यानें दिशा दाखविणारीं यंत्रें आज प्रत्येकाच्या खिशांत आहेत. तीं आपण कोठें आहों तें अचूक सांगतात, पण समोरच्या धारेपलीकडे काय आहे तें सांगत नाहींत. तें सांगणारा माणूस म्हणजे तेथें आठवड्यामागून आठवडा जाणारा माणूस. स्थानिक तांड्याचें पहिलें महत्त्व येथें आहे.

ही विद्या आजची नव्हे, आणि मौजेची गोष्ट अशी कीं, तिचा पाया घरापासून दूर पडलेल्या नोकरदार माणसांनींच घातला आहे. १९२० नंतरच्या दशकांत ब्रिटिश सैन्यांतील राल्फ बॅग्नोल्ड नांवाचा एक अधिकारी इजिप्तमध्यें नेमणुकीवर होता. सुटीच्या दिवसांत करमणूक म्हणून तो व त्याचे कांहीं सहकारी पदरमोड करून साध्या फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटांत शिरूं लागले. मोटारीनें तेथील वाळूचा समुद्र ओलांडणें अशक्य, असें तेव्हां सर्वच मानीत. या मंडळींनीं एकेक अडचण घेऊन तिच्यावर उपाय काढला. टायरांतील हवा कमी केली म्हणजे चाक रुतत नाहीं, हें त्यांनीं अनुभवानें ठरविलें. रुतलेल्या चाकाखालीं घालावयास लोखंडी पन्हळी वापरल्या. इंजिनाच्या उष्णतेनें वाफ होऊन जाणारें पाणी थंड करून परत मिळविण्याची युक्ति योजिली. मोटारीच्या लोखंडानें चुंबकसूची भरकटते म्हणून सूर्याच्या छायेवर चालणारें होकायंत्र बसविलें. १९२९ ते १९३२ या काळांतल्या त्यांच्या मोहिमा प्रसिद्ध आहेत. पुढें दुसऱ्या महायुद्धांत, १९४० सालीं, याच अनुभवावर बॅग्नोल्डनें वाळवंटांत दूरवर टेहळणी करणारें एक पथक उभारलें. त्यांतील पहिले शिपाई न्यूझीलंडचे होते. १९४१ च्या अखेरीस हिंदी घोडदळाच्या पलटणींतील जवानांचें तशाच कामासाठीं एक पथक निघालें. बॅग्नोल्डनें वाळूच्या हालचालीवर १९४१ सालीं लिहिलेला ग्रंथ आजहि शास्त्रज्ञ प्रमाण मानतात. मंगळ ग्रहावरील वाळूच्या एका टेकड्यांच्या समूहास त्याचें नांव देण्यांत आलें आहे. सुटीच्या दिवशीं मित्रांनीं मिळून केलेला खटाटोप कोठवर पोंचतो, याचें हें उदाहरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

टायरांतील हवेचा उल्लेख वर आला. या विद्येचें तें बीजाक्षर असल्यामुळें त्याचें गणित थोडें उलगडून सांगतों. समजा, मोटारीचें वजन दोन टन आहे. प्रत्येक चाकावर अर्ध्या टनाचा, म्हणजे सुमारें ११०० पौंडांचा भार येतो. रस्त्यावर चालतांना टायरांत दर चौरस इंचास ३५ पौंड इतका दाब असेल, तर हा भार पेलण्यास टायराचा सुमारें ३१ चौरस इंच भाग जमिनीस टेकावा लागतो. तोच दाब १५ पौंडांवर आणला, तर टेकणारा भाग सुमारें ७३ चौरस इंच होतो, म्हणजे दुपटीहून अधिक. टायराच्या भिंतीचा ताठपणा येथें हिशेबांत धरलेला नाहीं, पण तत्त्व हेंच. उंटाचा तळवा पसरट असतो आणि घोड्याचा खूर आटोपशीर असतो. वाळूंत उंट चालतो व घोडा दमतो, याचें कारण तेंच. परंतु या उपायास दुसरी बाजूहि आहे. हवा कमी झालेला टायर वेगांत एकदम वळविला तर चाकाच्या कडेवरून निसटतो. आणि तशाच टायरांवर पुन्हां डांबरी रस्त्यानें भरधाव गेल्यास तो तापून फुटतो. यास्तव वाळूंत शिरण्यापूर्वीं हवा सोडणें आणि बाहेर येतांच ती पुन्हां भरणें, हे दोन्ही विधि तांड्यांतील प्रत्येकजण न चुकतां, थांबून, मापकावर पाहून करतो.

आतां तांड्यांत सामील होण्याचा प्रकार पाहूं. अमिरातींत असे अनेक समूह आहेत. कांहीं वर्गणी घेतात, कांहीं कांहींच घेत नाहींत. शिकविणारे बहुधा नोकरी-धंदा सांभाळून हौसेनें शिकविणारे असतात. सहलीचा हंगाम सामान्यतः आक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यांत तेथील छायेंतलें तपमान ४५ अंशांच्याहि वर जातें, तेव्हां शहाणे लोक दिवसा आंत जात नाहींत. प्रत्येक सहल कोणत्या पायरीच्या लोकांसाठीं आहे तें आधीं जाहीर केलेलें असतें. नवागतानें नवशिक्यांच्या सहलीसच नांव द्यावयाचें, मग तो स्वदेशीं वीस वर्षें मोटार हांकीत असो. घाटांतल्या वळणांचा किंवा मुंबईच्या गर्दीचा अनुभव वाळूंत फारसा कामास येत नाहीं. उलट, गाडी घसरूं लागली कीं ब्रेकवर पाय दाबण्याची जी संवय रस्त्यावर प्राण वांचविते, तीच वाळूंत गाडी रुतविते. वरची पायरी मिळावयाची ती कांहीं सहलींनंतर, आणि तीहि म्हणून दाखवून नव्हे, तर म्होरक्यानें पाहून ठरविली म्हणजे.

ठरलेल्या सकाळीं वाळवंटाच्या तोंडाशीं असलेल्या एखाद्या पेट्रोलपंपावर सर्व मंडळी जमतात. तेथें प्रथम मोटारींची तपासणी होते. चारही चाकांस इंजिनाचें बळ पोंचविणारी मोटार हवी, पुढें व मागें दोर बांधण्यास मजबूत कड्या हव्यात, टायर जुनाट नसावेत, पेट्रोलाची टांकी भरलेली असावी. हवेचें मापक, हवा भरण्याचा पंप, फावडें, ओढावयाचा पट्टा, आग विझविण्याचें नळकांडें, औषधांची पेटी आणि भरपूर पाणी हें सामान बरोबर असावेंच लागतें. गाडीवर उंच काठीस निशाण बांधतात. टेकडीच्या माथ्यापलीकडून येणाऱ्यास मोटार दिसण्यापूर्वीं तें निशाण दिसतें आणि माथ्यावर समोरासमोर होणारी टक्कर टळते. भाड्याची मोटार घेऊन येणाऱ्यास बहुधा परत पाठवितात, कारण भाड्याच्या करारांत रस्ता सोडण्यास सामान्यतः मनाई असते. स्वतःच्या मोटारीच्या विम्यांत वाळवंटांतील अपघात धरला आहे कीं नाहीं, हेंहि आधींच वाचून पाहिलेलें बरें. तिकडे पोलिसांच्या दाखल्यावांचून अपघातांतल्या गाडीची दुरुस्ती होत नाहीं. मग म्होरक्या दहा मिनिटें बोलतो. तीं दहा मिनिटें जो गप्पांत घालवितो, त्याच्यासाठीं पुढें सबंध तांड्यास थांबावें लागतें.

तांड्याची रचना ऐकून आपणांस मराठी फौजांची आठवण होईल. आपल्याकडे फौजेच्या आघाडीस बिनी असे व पिछाडीस चंदावल असे. येथेंहि तसेंच असतें. बिनीवर सर्वांत जाणता गृहस्थ, जो वाट शोधतो. त्याच्या लगोलग मागें सर्वांत नवखे, म्हणजे त्याच्या चाकोरीवर त्यांस चालतां येतें व त्याची नजर त्यांच्यावर राहते. मध्यें एक अनुभवी माणूस. सर्वांत शेवटीं चंदावल. त्याच्या मागें कोणी उरावयाचें नाहीं. सर्व मोटारींत बोलण्याचीं बिनतारी यंत्रें असतात, आणि कोणतीं यंत्रें वापरण्यास परवानगी आहे तें समूहच सांगतो. पुढच्याची चाकोरी सोडावयाची नाहीं, त्यास ओलांडून जावयाचें नाहीं, आणि तो माथ्यापलीकडे उतरून दूर झाल्याची खूण मिळाल्याखेरीज चढावयास लागावयाचें नाहीं, हे तीन नियम सर्वांस ठाऊक असतात. चौथा नियम मात्र मला या सर्वांचें सार वाटतो. प्रत्येकानें आपल्या मागील मोटारीवर लक्ष ठेवावयाचें. आरशांत ती दिसेनाशी झाली कीं आपण थांबावयाचें व तसें कळवावयाचें. आपण थांबलों कीं पुढचा थांबतो, तो थांबला कीं त्याच्या पुढचा. असें होत होत क्षणार्धांत बिनीपर्यंत बातमी पोंचते आणि सारा तांडा उभा राहतो. रस्त्यावर आपण पुढें पाहून गाडी हांकतों व मागच्याचें मागचा पाहून घेईल असें समजतों. वाळूंत तें चालत नाहीं. तेथें प्रत्येकाच्या जिवाची राखण त्याच्या पुढच्याकडे दिलेली असते.

टेकडी चढण्याउतरण्याचें कौशल्य शब्दांनीं शिकवितां येणार नाहीं. तरी त्याचीं कारणें सांगतां येतात. चढतांना वेग पायथ्याशींच घ्यावा, कारण चढावर चाकें जोरानें फिरविलीं कीं तीं स्वतःचीच खळगी खणतात. माथा येण्यापूर्वीं वेग आवरावा, म्हणजे गाडी हवेंत उडत नाहीं. उतरतांना तोंड सरळ खालीं ठेवावें. आडवें उतरूं लागल्यास खालच्या बाजूचीं चाकें रुततात आणि गाडी त्या अंगावर कोलमडते. मागला भाग आडवा घसरूं लागला तर घाबरून चक्र वर फिरविण्याचा मोह होतो. तेव्हां तें खालीं, उताराच्या दिशेनेंच वळवावें लागतें. थांबणें झालेंच तर गाडीचें तोंड उताराकडे करून थांबावें, म्हणजे निघतांना भूमीचें साह्य मिळतें. या गोष्टी ऐकावयास सोप्या आहेत. पण भीतीच्या क्षणीं त्या आठवाव्या म्हणून म्होरक्याचा शांत स्वर यंत्रांतून कानांवर पडत राहणें अवश्य असतें.

गाडी रुतणें ही तेथें लाजेची गोष्ट मानीत नाहींत. रुतल्यावर जोर लावीत राहणें मात्र दोष मानतात. चाक एकदां फिरून पुढें सरकलें नाहीं कीं थांबावें, खालीं उतरावें, फावड्यानें चाकांपुढची व पोटाखालची वाळू काढावी, हवा आणखी थोडी सोडावी व आल्या वाटेनें हळूच मागें घ्यावी. इतक्यानें पुष्कळ गाड्या निघतात. न निघाल्यास दुसऱ्या मोटारीनें पट्टा लावून ओढावी लागते, आणि सर्वांत मोठा धोका येथें आहे. ताणलेल्या पट्ट्यांत प्रचंड शक्ति सांठलेली असते. तो गाडीच्या सांगाड्यास जोडलेल्या मजबूत कडीसच लावावा. मागें गाडा जोडण्यासाठीं जो लोखंडी गोळा असतो, त्यास तो कदापि लावूं नये. गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो, आणि अशा रीतीनें जगांत माणसें मेलेलीं आहेत. ओढण्याचें काम चालूं असतां बाकीच्यांनीं पट्ट्याच्या लांबीहून अधिक दूर उभें राहावें आणि हुकूम एकानेंच द्यावा. चांगल्या समूहांत मुलांस या वेळीं कोणी मोटारीखालीं उतरूं देत नाहीं.

आतां आईच्या त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. एकटी मोटार रुतली तर काय होतें? हिंवाळ्यांत, रस्त्यापासून दोन मैलांवर, दूरध्वनि लागत असेल, तर एक दिवसाचा मनस्ताप होतो. पोलिसांस ९९९ या क्रमांकावर हांक मारतां येते. परंतु लिवाच्या दक्षिणेस दूरध्वनीचा संदेश पोंचत नाहीं अशा जागा आहेत. उन्हाळ्यांत अशा जागीं अडकलेल्या माणसाचें आयुष्य त्याच्या बरोबरच्या पाण्याइतकें असतें. त्याही स्थितींत मोटार सोडून पायीं निघूं नये, हा जुना नियम आहे. कारण मोटारीची सावली मिळते, आणि शोधणाऱ्यास वरून माणूस दिसत नाहीं, मोटार दिसते. हें सर्व ऐकूनहि कोणी म्हणेल, "आम्ही दोघे मित्र दोन मोटारी घेऊन जाऊं." दोघेहि नवखे असतील, तर एक रुतल्यावर तीस काढावयास गेलेली दुसरीहि रुतते. संख्येनें तांडा होत नाहीं. कोणी तरी वाट जाणणारा आणि कोणी तरी मागें राहणारा, हे दोन असले म्हणजे तांडा होतो.

समूह सगळेच चांगले असतात असें मात्र नाहीं, म्हणून निवड डोळसपणें करावी. जेथें नवशिक्यास पहिल्याच दिवशीं मोठ्या टेकडीवर घालतात, उलटलेल्या मोटारीचीं चित्रें अभिमानानें दाखवितात, किंवा "मला हा चढ नको" म्हणणाऱ्याची थट्टा करतात, तेथून उठून यावें. जेथें म्होरक्या स्वतः "आज वारा फार आहे, परत फिरूं" असें म्हणूं शकतो, तेथें खुशाल नांव नोंदवावें. नवागतानेंहि आपला अडाणीपणा झांकूं नये. पाठदुखी, गर्भारपण, लहान मूल, उंचीचें भय, जें असेल तें आधीं सांगावें. परतण्याची वेळ घरीं सांगून निघावें आणि रस्त्यावर आल्याबरोबर कळवावें. दूर राहणाऱ्या आईस छायाचित्र पाठवावयाचें असेल, तर तें सुखरूप परत आल्याच्या दोन ओळींसह पाठवावें.

इतकी यातायात करून मिळतें काय, हा पहिला प्रश्न आतां उरला. परदेशांत गेलेल्या माणसाचें जीवन फार आंखलेलें होतें. घर, कचेरी, बाजार, आणि सणावारीं महाराष्ट्र मंडळ. मंडळाचें मोल मोठेंच आहे. गणपतीची आरती व दिवाळीचा फराळ तेथें भेटतो आणि मुलांच्या कानांवर मराठी पडते. पण त्या वर्तुळांत राहून वीस वर्षें काढलेल्या माणसास पायाखालची भूमि परकीच राहते. तांड्यांत त्याच्या पुढें एखादा इजिप्शियन असतो, मागें एखादी फिलिपिनो बाई असते, आणि वाट दाखविणारा कदाचित् त्याच भूमींत जन्मलेला अरब असतो. तेथें कोणाचा हुद्दा कोणी विचारीत नाहीं. फावडें हातीं घेतोस कीं नाहीं, एवढेंच पाहतात. टेकड्यांची नांवें कळूं लागतात, वाऱ्याची दिशा वाळूवरच्या वळ्यांवरून ओळखूं येते, म्लीहाजवळच्या खडकांत समुद्रजीवांचे अवशेष पाहून हें वाळवंट कधीं काळीं समुद्राखालीं होतें, हें हातानें चाचपून समजतें.

आणि त्या ओसाडींत एक ओळखीचें झाडहि भेटतें. अरब लोक त्यास 'घाफ' म्हणतात. अमिरातीनें त्यास राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला आहे. राजस्थानांत तेंच खेजडी, आणि आपली, दसऱ्यास पूजिली जाणारी शमीहि तीच. तिचीं मुळें फार खोलवरचें पाणी शोधतात; उंट तिच्या पाल्यावर जगतो, माणूस तिच्या सावलींत बसतो. चांगला तांडा तिच्या बुंध्याशीं मोटार नेत नाहीं, तिची फांदी जाळीत नाहीं, कुंपण घातलेल्या राखीव भूमींत शिरत नाहीं, उंटांच्या कळपाजवळून सावकाश जातो आणि आपला केर आपल्याबरोबर परत आणतो. जी भूमि पाहुणा म्हणून आपणांस आंत घेते, तिच्याशीं वागण्याची ही साधी रीत आहे.

तात्पर्य, वाळवंटांत जाऊं इच्छिणाऱ्या आपल्या मुलास वा मुलीस "जाऊं नको" असें सांगण्याची आवश्यकता नाहीं. कोणाबरोबर जातोस, पुढें कोण आहे आणि मागें कोण आहे, एवढें विचारावें. या तीन प्रश्नांचीं उत्तरें जो चटकन देऊं शकतो, त्याची काळजी घेणारीं माणसें त्याला तेथें भेटलीं आहेत, असें खुशाल समजावें. आणि पुढें एक दिवस असा येतो कीं, म्होरक्या त्यालाच सांगतो, "आज चंदावल तूं संभाळ." त्या दिवसापासून दुसऱ्या कोणाच्या तरी आईची काळजी त्याच्या अंगावर आलेली असते.